बाजूला होणारी माणसं

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा वाटा मातीच्या होत्या, अंतर कोसांनी मोजत, आणि गाडी म्हटलं की डोळ्यांपुढे बैलच येत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात वैद्य नव्हता. वैद्यबुवा राहायचे तीन कोसांवरच्या पेठेत. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना दर सोमवारी तिथं नेऊन आणण्यासाठी गावानं एक बैलगाडी ठेवली होती. ती लिंबाजी हाकायचा. चाळीस वर्षं त्यानं ती हाकली. मग त्याच्या हातांना कंप सुटला आणि कासरा धरवेनासा झाला.

लिंबाजीला एकच मुलगी होती, सारजा. विशीतली, ताठ चालणारी, बैलांच्या संगतीत वाढलेली. ती पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी मी हाकते."

पंचांनी लिंबाजीकडे पाहिलं. तो म्हणाला, "हात माझ्यापेक्षा चांगला आहे तिचा."

आणि ते खरंच होतं. धावते बैल ती चार पावलांत उभे करायची. अरुंद पुलावरून गाडी नेताना तिचं चाक कठड्याला कधी घासायचं नाही. हरण्या आणि पाखऱ्या हे दोन्ही बैल तिच्या नुसत्या आवाजावर वळायचे.

पहिले चार सोमवार लिंबाजी तिच्या शेजारी बसून गेला. मध्येच तो म्हणायचा, "इथं जरा हळू."

"का आबा? वाट तर मोकळी आहे."

"असू दे. इथं हळूच घ्यावं."

याहून जास्त त्याला सांगता यायचं नाही. चाळीस वर्षांत जे अंगात मुरलं होतं, ते शब्दांत कसं आणायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. सारजाला वाटायचं, आबांचं वय झालं, जीव घाबरा झाला. पाचव्या सोमवारी ती मायेनंच म्हणाली, "आबा, गाडीत बसून तुमची पाठ धरते. तुम्ही घरी राहा."

लिंबाजी घरी राहिला. गाडी वेशीबाहेर दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा असायचा, एवढंच.

आता गाडी दुडक्या चालीनं पळू लागली. लिंबाजीला पेठ गाठायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या निम्म्या वेळात सारजा पोचायची. वैद्यबुवांच्या ओसरीवर पहिली पाळी तिच्या माणसांची. म्हातारी मंडळी खूश होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा खळखळत, वाट मोकळी होत जाई, आणि सारजाचं मन वाऱ्यावर तरंगायचं.

असं एक वर्ष गेलं. कुणाला धक्का नाही, गाडीला ओरखडा नाही.

"आबा, वर्ष झालं," ती एकदा जेवताना म्हणाली. "आता तरी मला गाडी येते म्हणाल ना?"

लिंबाजीनं तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "गाडी तर तुला पहिल्यापासून येते," तो म्हणाला आणि आपली भाकरी मोडू लागला.

पावसाळा संपला. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवत पुरुषभर वाढलं होतं. त्या सोमवारी सारजा ओढ्याजवळच्या वळणावर आली, ती नेहमीसारखी दौडत. वळण घेतलं आणि समोर बघते तो एक बाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन, वाटेच्या अगदी मधोमध पाठमोरी चाललेली.

घुंगरं वाजत होती. सारजानं आरोळीही दिली. बाई बाजूला झाली नाही.

तिचं नाव हौसा. चारच दिवसांपूर्वी ती पलीकडच्या वाडीत बहिणीकडे राहायला आली होती, आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

सारजानं सगळं बळ लावून कासरा ओढला. गाडी थांबायला चार पावलं हवी होती. तिथं दोनच होती. तिनं बैल डावीकडे दाबले. चाक चरात गेलं, हरण्या गुडघ्यावर कोसळला, गाडी कलंडली आणि आतली द्रुपदाआजी खाली फेकली गेली.

हौसाच्या पाठीला वारा लागला तशी ती वळली. समोर पडलेला बैल पाहून तिचा भारा डोक्यावरून खाली आला, आणि ती वाटेतच बसून घोगऱ्या आवाजात रडू लागली. सारजा द्रुपदाआजीकडे धावली. आजीचं मनगट मोडलं होतं. चेहरा वेदनेनं पांढराफटक पडला होता, तरी तिचा पहिला शब्द होता, "ती बाई बरी आहे ना गं?"

गावात कुणी सारजाला बोललं नाही. कुणी बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं. शेजारणीनं हळद आणून हरण्याच्या गुडघ्याला लेप लावला. द्रुपदाआजीच्या हाताला बांबूच्या कांब्या बांधल्या गेल्या. सारजा गोठ्यात बैलापाशी बसून राहिली. लिंबाजी काठी टेकत आला आणि तिच्याजवळ खाली बसला.

"चार पावलांत गाडी थांबवते मी, आबा," ती रडत म्हणाली. "पण तिथं चार पावलं नव्हतीच."

लिंबाजीनं आपला थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तेवढी जागा आधीच राखायची असते, पोरी. तेही हाकणाऱ्याचंच काम."

हरण्याला महिनाभर विश्रांती हवी होती. पण आजाऱ्यांची औषधं कुठं थांबणार? सोमवारी सकाळी सारजा झोळी खांद्याला लावून पायीच पेठेला निघाली.

ओढ्याच्या अलीकडे राघू गवळ्याच्या म्हशी वाटभर पसरून रवंथ करत होत्या. सारजाला त्यातून वाट काढत जावं लागलं.

"राघूकाका, या म्हशी इथं? मला तर इतक्या दिवसांत कधी दिसल्या नाहीत."

राघू हसला. "कशा दिसतील? तुझी घुंगरं ऐकली की मी त्यांना खाली शेतात उतरवतो. आज गाडी नाही, म्हटलं पडू देत निवांत."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. जाताना आणि येताना."

पुढं कुंभारवाडा लागला. कच्ची मडकी वाटेच्या कडेला उन्हात मांडलेली होती. कुंभारीण म्हणाली, "एरवी सोमवारी आम्ही ती आत घेतो, बाई. तुझी गाडी गेली की परत मांडतो." विहिरीपाशी बायका भरल्या घागरी घेऊन निवांत वाट ओलांडत होत्या. एरवी सोमवारी त्या कठड्याशी थांबून राहायच्या, गाडी जाईपर्यंत. हे कुणी तक्रार म्हणून सांगत नव्हतं. पावसात छत्री उघडावी तितक्या सहज सांगत होते.

सारजा विहिरीच्या पायरीवर बसली. वर्षभर अपघात झाला नव्हता, तो तिनं टाळला म्हणून नव्हे. या सगळ्यांनी मिळून, न सांगता, तिच्यासाठी टाळला होता. आणि ज्या एका बाईला हे जमणं शक्य नव्हतं, ती समोर आल्याबरोबर गाडी चरात गेली होती.

परतताना तिनं राघूला विचारलं, "काका, मला कधी बोलला का नाही?"

"काय बोलायचं?" राघू म्हणाला. "गाडीत आजारी माणसं असतात तुझ्या. घाई असेल, म्हटलं."

सारजानं तिथंच त्याला हात जोडले.

मग ती आजूबाजूची वाट नीट न्याहाळत चालू लागली. चार सोमवार ती अशी चालली. कुठली पायवाट कुठून येऊन मिळते, गवत कुठं माणूस लपवतं, वळणापलीकडे धूळ उठली तर काय येत असतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळी घरी आली की ती लिंबाजीला एकेक जागा विचारायची.

"आबा, वडापाशी तुम्ही हळू घ्यायचात. तिथं काय होतं?"

आता जागेचं नाव घेतल्यावर लिंबाजीला उत्तर देता येऊ लागलं. "तिथं सावलीत कुत्री झोपतात. एक उठलं की सगळी उठतात, बैल बुजतात."

"आणि ओढ्याच्या वळणावर?"

लिंबाजीनं हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तिथं माझ्या चाकाखाली एक वासरू गेलं होतं. गाडी हाकायला लागून दुसरंच वर्ष होतं. मलाही तेव्हा वाटायचं, मला सगळं येतं."

"हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"लाज वाटली, पोरी. सांगायला हवं होतं. चूक झाली माझी."

सारजानं बापाचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

हरण्या बरा झाला, गाडी पुन्हा सुरू झाली. आता पेठेला पोचायला वेळ लागायचा. पाळी कधी तिसरी, कधी पाचवी. म्हातारी मंडळी थोडी कुरकुरली, मग गप्पांत रमली.

एका सोमवारी परतताना दुपार कलली होती. गाडीतली सगळी पेंगत होती. वाट सरळ होती आणि लांबवर रिकामी होती. कडेला कुणीतरी कडब्याची गंजी रचली होती. त्या गंजीआडून एक कोंबडी फडफडत वाटेवर आली.

कोंबडी इतकी घाबरी का, असं सारजाच्या मनात आलं. तिनं कासरा आखडला. बैल पावलांवर आले, मग उभे राहिले.

तेवढ्यात गंजीमागून दोन वर्षांचं एक उघडंबंब पोर खिदळत कोंबडीच्या मागं पळत आलं, आणि बैलांपुढं येऊन थबकलं. पाखऱ्यानं मान खाली घालून त्याचं जावळ हुंगलं. पोर टाळ्या पिटू लागलं. गंजीमागच्या घरातून त्याची आई धावत आली, त्याला छातीशी कवटाळलं आणि सारजाकडे पाहत उभी राहिली. सारजानं नुसती मान हलवली.

गाडीतून द्रुपदाआजीचा झोपाळलेला आवाज आला, "का गं थांबलीस?"

"काही नाही आजी. झोपा तुम्ही."

मायलेकरं घरात जाईपर्यंत सारजा थांबली, मग हलकेच बैलांना पुढं घातलं. गाडीतल्या कुणालाच काही कळलं नाही. सगळे झोपेतच गावाच्या वेशीत आले.

लहानथोर सगळ्यांनी ध्यानात धरावं: गाडी थांबवू शकणारे पुष्कळ असतात, पण पुढं काय येऊ शकेल हे ओळखून आधीच हळू होणाराच स्वतःला आणि दुसऱ्याला सुखरूप घरी पोचवतो.