खिंडीतली पाणपोई

एका राज्यात देव नव्हता. देवळे होती, पण त्यांत जोंधळा साठवीत. घंटा होत्या, त्या बैलबाजार उघडला की वाजवीत. कोणी कोणाला नवस बोलत नसे, आणि दिवा लावला तर तो उजेडासाठीच लावीत असे.

हे पहिल्यापासून असे नव्हते. राजा सुकेतूचे आजोबा महाकेतू गादीवर होते तेव्हा राज्यात दोन देव होते आणि दोन पालख्या होत्या. पुलावरून कोणाची पालखी आधी जायची यावरून दरवर्षी डोकी फुटत. एका वर्षी पुलाखालचे पाणी तांबडे झाले. राजाने ते पाहिले, घरी येऊन अन्नाला हात लावला नाही, आणि कज्जल नावाच्या मांत्रिकाला बोलावणे धाडले.

"लोकांच्या मनातला देव काढून ने," राजा म्हणाला.

"नेतो," कज्जल म्हणाला. "तांब्याच्या हंड्यात भरून माझ्या डोंगरावर ठेवतो. पण एवढी मोठी गोष्ट काढली की मागे खड्डा राहतो. तो तुम्ही एकमेकांवरच्या भरवशाने भरायचा. ज्या दिवशी तुझ्या राज्यात कोणाचा कोणावर भरवसा उरणार नाही, त्या दिवशी गादीवरचा राजा पायांपासून दगड होऊ लागेल."

"माझी माणसे भली आहेत," राजा म्हणाला. मांत्रिकाने मंत्र म्हटला, राज्यभर वारा सुटला, आणि संध्याकाळी देवळात गेलेले लोक इथे आपण कशाला आलो हे न आठवून घरी परतले.

आता कोणाला वाटेल, राज्य रसातळाला गेले असेल. तसे काही झाले नाही. नवरीच्या विहिरीचे पाणी आणि नवऱ्याच्या विहिरीचे पाणी एका घागरीत ओतायचे आणि सगळ्या वऱ्हाडाने प्यायचे, झाले लग्न. सण पिकांचे होते, पुरणपोळ्या तशाच फुगत होत्या. भांडणे व्हायची ती बांधावरून आणि भावाभावांत, म्हणजे जगात सगळीकडे होतात तीच. दोन पिढ्या चांगले चालले.

बिघडवले ते दंडधर प्रधानाने. सुकेतू गादीवर आला त्या वर्षी राजकोठारातून धान्य चोरीला गेले. दंडधर म्हणाला, "महाराज, पूर्वी म्हणे लोकांना वाटे, वरून कोणी पाहतो आहे. आता वर कोणी नाही. तेव्हा खालूनच पाहायला हवे." राजा तरुण होता, त्याला ते पटले. गल्लोगल्ली पहारेकरी नेमले. पहारेकऱ्यांवर कोण नजर ठेवणार, म्हणून त्यांच्यावर पहारेकरी नेमले. "आणि यांच्यावर?" असे विचारणाऱ्या शहाण्याला तिसऱ्या फळीत नेमले. होता होता अर्धे राज्य उरलेल्या अर्ध्यावर नजर ठेवून बसले आणि शेतांत कमरेएवढे तण माजले. रस्त्यात कोणी पडले तर लोक आधी वळून पाहत, पहारा आहे का, मग हात देत. पहाऱ्याशिवाय पाणपोई चालवायची नाही असे ठरले, आणि पहारेकरी रणरणत्या उन्हात बसेनात, म्हणून पाणपोयाही बंद पडल्या.

आणि एका सकाळी राजा सुकेतू पलंगावरून उठायला गेला तो त्याची बोटे उचलेनात. पायांची दहाही बोटे दगड झाली होती.

राणी वेत्रवतीने तेल चोळले, शेक दिला, वैद्य झाले, हकीम झाले. संध्याकाळपर्यंत दगड घोट्यावर आला. सुकेतू गंभीर चेहऱ्याने थट्टा करणारा माणूस होता. तो म्हणाला, "राणी, आता मी तुझ्याशी भांडून निघून जाणार नाही, एवढे नक्की." राणी हसली नाही. ती बाहेरच्या सज्जात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिचा या माणसावर फार जीव होता. मग तिने डोळे पुसले, पहारेकऱ्यांना न सांगता घोडा काढला आणि कज्जलच्या डोंगराची वाट धरली.

वाटेत बोरीच्या झाडावर एक भारद्वाज बसला होता. तो बोलू लागला, कारण त्या राज्यातले काही पक्षी बोलत असत.

"राणीसाहेब, कुठे निघालात?"

"नवऱ्याचा शाप उतरवायला."

"मी येतो. नाहीतरी मला काम नाही. पूर्वी माझे दर्शन झाले की लोक म्हणत, आजचा दिवस चांगला जाणार. आता म्हणतात, कुंभारकावळा दिसतोय, झाकणे नीट ठेवा."

कज्जल आता फार म्हातारा झाला होता. गुहेच्या तोंडाशी तो शेंगा सोलत बसला होता, आणि मागे कोपऱ्यात तांब्याचा हंडा होता, त्याच्यावर शेण्या रचल्या होत्या.

"हंडा मागायला आलीस?" त्याने विचारले.

"माझा नवरा मागायला आले."

"मग तुझ्या राज्यात तीन गोष्टी शोध. पहाऱ्याशिवाय राखलेली ठेव. शपथेशिवाय सांगितलेले खरे. आणि पुण्याशिवाय पाजलेले पाणी. मला आणून दाखवू नकोस. सापडल्या की दगडालाच कळेल."

"पुण्य म्हणजे काय?" राणीने विचारले.

"पाणी पाजले की वर कुठेतरी आपल्या नावावर जमा होते, असे लोक मानीत."

"आणि नाही सापडल्या तर?"

मांत्रिकाने एक शेंग सोलली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले.

राणी साध्या लुगड्यात गावोगाव हिंडली. जिथे विचारावे तिथे लोक पहारेकऱ्याकडे बोट दाखवीत. शेवटी एका गावात नागोजी कासाराच्या दुकानी बांगड्या भरताना तिला फळीवर एक गाठोडे दिसले. त्याच्यावर धूळ नव्हती.

"हे कोणाचे?"

"एका वाटसरूचे. माझ्या वडिलांजवळ ठेवून गेला. आला नाही."

"आत काय आहे?"

"सोडून पाहिले नाही. कपडा जीर्ण झाला की बाहेरून नवा बांधतो."

"कोणी पहारा ठेवतो यावर?"

"गाठोड्यावर कशाला? ते कुठे जाते?"

"राजाने मागितले तर?"

नागोजीने तिचा हात सोडला. "राजाचे असते तर दिले असते, बाई."

भारद्वाज उडत राजवाड्यावर गेला आणि परत आला. दगड गुडघ्याशी येऊन थांबला होता. राणीने त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली. पण दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा चढू लागला.

मग ती एका शहरात न्यायसभेत जाऊन बसली. तिथला कायदा असा होता की पहारेकऱ्याने पाहिले ते घडले आणि पहारेकऱ्याने पाहिले नाही ते घडलेच नाही. एका तेल्याच्या पोरावर गोठा पेटवल्याचा आळ होता. पहारेकरी गोंदाजी साक्षीला उभा राहिला. त्याने पागोटे काढले, परत घातले.

"बोल," न्यायाधीश म्हणाला. "याला आग लावताना पाहिलेस ना?"

"नाही, सरकार. मी झोपलो होतो. मागे मी 'पाहिले' म्हणून सांगितले ते खोटे होते. झोपलो म्हटले असते तर चाबूक बसला असता."

"तो आताही बसेल."

"बसेल. पण रात्री या पोराचा बाप माझ्या अंगणात येऊन बसला होता. एक शब्द बोलला नाही. मला काही ते सोसेना."

 न्यायाधीशाने चाबकाकडे पाहिले, गोंदाजीकडे पाहिले. खरे काय नि खोटे काय हे त्याला बऱ्याच वर्षांत कोणी आपणहून सांगितले नव्हते. त्याने चाबूक बाकाखाली सारला आणि पोराला सोडून दिले. तिकडे दगड राजाच्या कमरेशी थांबला.

उरले पाणी. राणीने राज्याचे चारही कोपरे पालथे घातले. पाणपोयांचे रांजण उपडे पडलेले, त्यांत पाली राहत होत्या. दगड पुन्हा चढू लागला होता. अखेर सीमेवरच्या उघड्याबोडक्या खिंडीत, एका हिवराच्या झाडाखाली, तिला ओल्या फडक्यात गुंडाळलेला रांजण दिसला. शेजारी सगुणा नावाची एक जख्ख म्हातारी पडली होती.

"पी, पोरी," म्हातारी म्हणाली. पाणी गार होते. राणी घटाघटा प्यायली आणि तिचे डोळे भरून आले. सापडले, असे तिला वाटले.

"आजी, इथे पहारा नाही, वस्ती नाही. मग पाणी का पाजता?"

"पुण्यासाठी गं. दुसरे कशासाठी?"

राणीच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तो वारा सुटला तेव्हा मी लहान होते," म्हातारी म्हणाली. "सीमेपलीकडे शेरडे चारायला गेले होते. परत आले तर सगळे देवाला विसरलेले. आई मला हसायला लागली. मग मी इथे येऊन राहिले. आता माझे संपत आले. एवढे कर. उन्हे उतरेपर्यंत रांजणापाशी बस. कोणी आले तर पाणी दे. एकही दिवस पाणपोई उघडी टाकली नाही गं मी."

"बसते," राणी म्हणाली. म्हाताऱ्या ओठांना तिने पाणी लावले. म्हातारी कोणाचे तरी नाव घेत होती. राणीला ते नाव ठाऊक नव्हते, पण ते घेताना तो चेहरा किती निवला हे तिने पाहिले. थोड्या वेळाने म्हातारी गेली. राणीने आपला शेला तिच्यावर पांघरला.

तेवढ्यात भारद्वाज धापा टाकीत आला. "राणीसाहेब, निघा! दगड छातीवर आला आहे. आत्ता घोडा पिटाळलात तर त्यांचे डोळे उघडे असतील. ते तुमचे नाव घेताहेत."

राणी उठली. घोड्यापर्यंत गेली, रिकिबीत पाय घातला. मग तिने पाय काढला.

"मी 'बसते' म्हणाले होते."

"कोणाला? ती मेली. वर कोणी नाही, खाली पहारेकरी नाही. कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही. पण या वाटेने जो येईल तो तहानलेला असेल, आणि पुढे दोन गावे पाणी नाही."

"आणि राजा?"

राणी घोड्यापासून परत आली. ती रांजणाला टेकून बसली आणि मोठ्याने रडली. नवऱ्याचा चेहरा, त्याची थट्टा, सकाळी उठल्या उठल्या तो खिडकी उघडायचा ते, सगळे तिला आठवले. इथे कोणी येणार नाही आणि तिथे मी नसेन, असे तिला वाटले. तरी ती बसून राहिली, आणि भारद्वाज तिच्याजवळ येऊन बसला.

ऊन कलता कलता मिठाचे बैल घेऊन एक व्यापारी आला. घामाने निथळत होता. राणीने त्याला वाटी भरून दिली. तो प्यायला, दुसरी प्यायला, तिसरी डोक्यावर ओतली.

"कोमट आहे," तो म्हणाला. बैल हाकले आणि निघून गेला. पाठी वळूनही पाहिले नाही.

राणीने उन्हे पुरती उतरू दिली. खालच्या झऱ्यावर जाऊन घागर आणली, रांजण भरला, फडके ओले केले. हे तिला कोणी सांगितले नव्हते, पण रिकामा रांजण सोडून जाववेना. भारद्वाजाला तिने म्हातारीपाशी थांबवले आणि घोड्यावर बसली. आता घाई नव्हती.

वेशीच्या अलीकडे एक माणूस धडपडत तिच्या दिशेने येत होता. लहान मूल चालते तसा तो चालत होता. मागे धापा टाकत दंडधर येत होता, त्याच्या मागे सगळा दरबार.

राणीने घोड्यावरून उडीच मारली.

"उशीर केलास," सुकेतू म्हणाला. "तुझ्यासाठी मी मरायचा थांबलो होतो, मग कंटाळून उठलो."

"पाणपोईवर होते."

"कोणी आले का?"

"एक मिठाचा व्यापारी. पाणी कोमट आहे म्हणाला."

राजा हसू लागला. हसता हसता त्याच्या अंगरख्यातून दगडाची भुकटी गळत होती, आणि राणी त्याचे दोन्ही हात धरून हसत होती की रडत होती हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सगळे खिंडीत गेले. तिथे कज्जल आधीच येऊन बसला होता, मांडीपाशी हंडा घेऊन. "तुमची वस्तू," तो म्हणाला. "शाप फिटला. आता ही हंड्यातच ठेवायची की परत घ्यायची ते तुम्ही ठरवा."

राजाने राणीकडे पाहिले.

"आजेसासऱ्यांनी लोकांना न विचारता काढली," राणी म्हणाली. "न विचारता परत घालणार नाही. पण या आजीला तिचा देव हवा होता. तिच्यासाठी झाकण काढू. ज्याला हवे त्याने ओंजळ भरून घ्यावी. ज्याला नको त्याला कोणी बोलायचे नाही."

काहींनी घेतले, पुष्कळांनी घेतले नाही. ज्यांनी घेतले त्यांतल्या एका बाईला, म्हातारीने शेवटी घेतलेले आणि राणीने आठवून सांगितलेले ते नाव उमगले, आणि तिने ते मोठ्याने म्हटले. ज्यांना ते कळले नाही तेही मान लववून उभे राहिले.

"प्रत्येकजण नीट वागतो की नाही, हे आता पाहणार कोण?" दंडधराने विचारले. राजाने त्याच्या हातात घागर दिली आणि झऱ्याची वाट दाखवली. पहारेकऱ्यांनी भाले ठेवले आणि पाऊस तोंडावर आला होता म्हणून शेतांकडे पळाले.

त्या राज्यात माणूस गेला की जमलेल्यांनी एकेकाने सांगायचे, याने माझ्यासाठी काय केले. या म्हातारीला गणगोत नव्हते, म्हणून राणीला वाटले, आपण एकटीच बोलू. ती बोलली. पण मग एक लमाण पुढे झाला. मग एक सुईण, मग चार बैलवाले, मग सीमेपलीकडून आलेली, कोणाच्याच ओळखीची नसलेली माणसे. रांग खिंडीच्या वळणाआड गेली. सगळ्यांकडे सांगायला एकच वाक्य होते: तिने मला पाणी पाजले. ते वाक्य ऐकता ऐकता उन्हे उतरली, तरी रांग संपली नव्हती.

त्यांना जसा वाटेवर गार घोट मिळाला, तसा ऐकणाऱ्याला मिळो, आणि सांगणाऱ्यालाही. कहाणी इथे पुरी झाली.