हळदवाडीची घंटा

हळदवाडीला छोटी गाडी थांबायची, त्या काळी स्टेशनातल्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा घंटा म्हणून टांगलेला होता. घंटा ठणठणली की बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन धावत यायच्या. पुढे गाडी बंद झाली.

“आता वाजू तरी कुणासाठी?” म्हणत घंटा झुरू लागली.

एका दुपारी शेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. तिथून चाललेल्या, एके काळी गाडीवर सीताफळं विकणाऱ्या ध्रुपदाबाईंची हाक गावापर्यंत पोचेना. त्यांनी दगड उचलून घंटेवर हाणला. घंटा आधी कचरली, मग सारं बळ एकवटून घणघणली. गाव घागरी घेऊन धावलं. आग विझली.

दमलेली म्हातारी माणसं निंबाखाली टेकली आणि गाडीच्या आठवणी काढत बसली.

“गाडी काही आली नाही,” घंटा हळूच म्हणाली.

“माणसं तर आली,” कडुनिंब म्हणाला.