गोजराने काय मागितलं

राजे घोड्यावरून फिरत आणि फिर्यादी पायी चालत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक त्यांच्या वयाच्या माणसांची आहे.

एका डोंगराळ गावात गोजरा नावाची बाई सासरी नांदत होती. घरात तिघंच: ती, तिचा नवरा केरबा आणि केरबाची म्हातारी आई. सासूला गोजरा आत्याबाई म्हणे. केरबा घरच्या बेटातून बांबू तोडून आणी आणि सासू-सुना मिळून त्याच्या टोपल्या विणत. म्हातारीची नजर अधू झालेली. ती टोपलीचं फक्त बूड घाली आणि गोजरा त्यावर घेर विणून काठ बांधी. बारा वर्षं एकेका टोपलीवर असे चार हात फिरले.

नवरा-बायकोचं मात्र कधी पटलं नाही. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. पण एकाने उजवीकडे म्हणावं की दुसऱ्याने डावीकडे ओढलंच. आधी भांडणं झाली, मग अबोला, आणि एक दिवस गोजरा बोचकं बांधून भावाच्या गावी निघून गेली.

त्या राज्यात काडीमोडाचे दोन रस्ते होते. दोघांचं एकमत असेल तर गावातल्या पाच माणसांसमोर एकच काडी दोघांनी धरून मोडायची, की झालं. पण त्यासाठी आधी समोरासमोर बसून बोलावं लागे, आणि आधी तोंड कोण उघडणार? दोघंही एकापेक्षा एक हट्टी. राहिला दरबार. तिथे दोष कोणाचा ते ठरल्यावाचून सुटका नव्हती. आणि निकाल लागला की एका घरच्या माणसाने दुसऱ्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही, असा राजाचा दंडक होता.

भाऊ म्हणाला, खेच त्याला दरबारात, अर्धं बेट तुझं होईल. गोजराही इरेला पेटली होती. दरबारच्या कारकुनाने तिची फिर्याद लिहायला घेतली. मध्येच त्याने विचारलं, सासूने उपाशी ठेवलं का? गोजरा नाही म्हणाली. तो म्हणाला, अहो बाई, सगळ्याच तसं लिहितात, त्यावाचून फिर्यादीला वजन येत नाही. त्याने लिहिलं आणि तिने अंगठा उठवला.

त्या दिवसापासून तिचं मन ताळ्यावर येईना. भावाच्या ओट्यावर ती एकटीच टोपल्या विणायला बसे. बूड काही केल्या सरळ येत नसे. तिचा हात आपसूक डावीकडे जाई, आत्याबाईंनी घातलेलं बूड घ्यायला, आणि रिकामा परत येई. जेवताना वाटे, आता त्यांच्या हाताला ताट कोण लावून देत असेल? नवऱ्याची आठवण तिला येत नव्हती, खोटं कशाला सांगू. पण त्या म्हातारीसाठी तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी, शेजारणीचा हात धरून, दोन कोस चालत म्हातारी स्वतःच तिच्या दारात आली. गोजराने तिचे पाय धुतले, पाणी दिलं. ओट्यावर टेकून दम खाल्ल्यावर म्हातारी हळूच म्हणाली,

“गोजरे, उद्या दरबारात मला विचारतील. मी तुझा काय काय छळ केला ते एकदा नीट सांगून ठेव. हल्ली लक्षात राहत नाही गं. आयत्या वेळी माझं काही चुकलं तर तुझा निकाल बिघडायचा.”

म्हातारीच्या मांडीत डोकं खुपसून गोजरा पोटभर रडली. उद्या जिंकले तरी ही मांडी गेली, आणि हरले तरी गेली, हे तिला तेव्हा कळलं. बेट दरबार देईल, पण ही म्हातारी कुठल्या निकालाने मिळणार होती?

भावाच्या गाडीत म्हातारीला बसवून ती सासरच्या गावी आली आणि थेट बेटात गेली. केरबा बांबू तोडत होता. तिला पाहून त्याचा कोयता थांबला.

“मला बेट नको, घर नको,” गोजरा म्हणाली. “बाजाराच्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मला आत्याबाईंजवळ बसू द्या. एवढं कबूल करा, मी फिर्याद मागे घेते.”

केरबाने कोयता खाली ठेवला. मग त्याने सांगितलं, की त्यालाही एका कारकुनाने युक्ती शिकवली होती: सुनेने मला ढकललं, असं आईकडून वदवून घे. आईला तसं सांगितल्यापासून ती धड जेवली नव्हती.

“ये तू,” तो म्हणाला. “पण रागावून मध्येच बंद करू नकोस. ती दाराकडे कान लावून बसते, मला बघवत नाही.”

दोघं तिथेच बसले आणि ऊन कलेपर्यंत बोलले. बांबू तोच तोडणार, पण निम्मा भारा तिच्या दारात टाकणार. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला झोपडी बांधून राहणार. चारचौघांत कोणी कोणाला नावं ठेवायची नाहीत. असं बोलणं आधी जमलं असतं तर, हे दोघांच्याही मनात येऊन गेलं. तुम्हाला वाटलं असेल, आता ही दोघं एकत्र घरी जाणार. नाही हो. मोडलं होतं ते मोडलंच होतं. सकाळी पाच माणसांसमोर त्यांनी काडी मोडली आणि दरबारात निरोप धाडला. कारकुनाने म्हणे कपाळावर हात मारून घेतला.

पुढे सहा वर्षं दर बाजाराच्या दिवशी गोजरा त्या घरी गेली. मधले सहा दिवस दोघीही बोटांवर मोजत. संध्याकाळी गोजराचा पाय निघत नसे, आणि म्हातारी दर वेळी विचारी, इतक्यात दिवे लागले?

मग एका सकाळी केरबाच तिच्या झोपडीशी आला. आईचं आता काही खरं नाही, म्हणाला. गोजरा धावत सुटली, पण दारात थबकली. तो बाजाराचा दिवस नव्हता. आत सगळी भावकी दाटीवाटीने बसली होती. एकाने विचारलं, हिचा आता या घराशी काय संबंध? केरबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आईच्या उशाशी त्याची स्वतःची बसायची जागा होती, त्या जागेकडे त्याने बोट दाखवलं.

“तिथे गोजरा बसेल,” तो म्हणाला. “शेवटचं पाणीही तीच पाजेल.”

म्हातारीने चाचपून तिचा हात ओळखला, दोन घोट घेतले आणि शांतपणे डोळे मिटले.

म्हणून सांगतो, नातं मोडायचंच झालं तर समोरासमोर बसून मोडावं. दोष कोणाचा ते दरबार सांगेल, पण माया कुठे राखायची ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.