पोकळ बार

ह्या तोफेच्या तोंडाची कड जरा हात लावून बघा. बाकी अंग सगळं खरखरीत, गंजलेलं, आणि तेवढीच कड गुळगुळीत. आमच्याच हातांनी झिजलीय ती. फोटो काढाल नंतर, तोफ काही पळून जात नाही.

ही काजवी नदी. अलीकडे आमचं खारवळ, पलीकडे माडांत दिसतं ते बोरदळं. पूर्वी ही सगळी खाडी एकाच सरदार घराण्याची होती, असं सांगतात. म्हातारा सरदार गेला आणि थोरल्या नि धाकट्या पातीत गादीवरून जुंपली. थोरल्याने हा काठ धरून सात तोफा मांडल्या. धाकट्याकडे गलबतं होती. त्याची माणसं वरच्या किल्ल्यात अडकलेली, त्यांना दाणा नि दारूगोळा पोचवायचा तर वाट ह्याच वळणावरून. दोन्हीकडे निशाण एकच, आरोळीही एकच. भांडण त्यांचं, मेली आमची माणसं.

आमच्या घरातले दोघे सख्खे भाऊ त्यात सापडले. थोरला रवळोजी ह्या तोफेवर गोलंदाज. धाकटा धाकोजी बोरदळ्याला घरजावई, म्हणून तिकडच्या गलबतावर तांडेल. त्यांची आई भागाई. तिने लढाईआधी दोघांना नदीत उभं करून शपथ घातली, की एकमेकांवर बार टाकायचा तो पोकळ. नुसती दारू नि काथ्याचा बोळा, गोळा नाही. "मला दोघंही पाहिजेत," एवढंच म्हणाली म्हणे. खूणही ठरली. बार पोकळ असला, की रवळोजीने तोफेच्या तोंडात हात घालायचा आणि तोच हात वर करून दाखवायचा.

दोन दिवस लढाई चालली. बाकीची गलबतं फुटली, बुडाली. धाकोजीचं मात्र भरतीला वर जाई, ओहोटीला खाली येई, आणि दर वेळी ह्याच तोफेखालून, काठाला लागून; तिथे बाकीच्या तोफांचा मारा पोचत नसे. वर हात दिसला की तो सुकाणू इकडे वळवी. लोक म्हणत, देवाचा हात आहे त्याच्यावर. हात भावाचा होता.

पण तापलेल्या तोंडात घालून घालून तो हात कोपरापर्यंत भाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी तोफांवरच्या नाईकाने ते बघितलं. चांगला माणूस होता बिचारा. त्याने रवळोजीची पाठ थोपटली, हाताला धडपा बांधून त्याला सावलीत बसवलं आणि तोफेवर दुसरा गोलंदाज दिला. त्या नव्याला ह्यातलं काय ठाऊक? त्याने गोळा भरला. रवळोजी बोलला असता तर फितूर म्हणून तिथेच मान गेली असती. तेवढ्यात वळणावर शीड दिसलं.

मग मात्र त्याने मानेची पर्वा केली नाही. गुडघाभर पाण्यात धावला, "मागे फीर, भरलेली आहे रे!" म्हणून ओरडत राहिला. सात तोफांच्या आवाजात कोण ऐकणार? म्हणून त्याने हात वर केला. धडपा बांधलेला तोच हात.

धाकोजीने हात बघितला. हसला म्हणे, आणि सुकाणू काठाकडे वळवलं.

गलबतावर चौदा जण होते. एकही वाचला नाही.

पुढे पावसाळा संपायच्या आत दोन्ही पातींचा समेट झाला, दोघे एका पंगतीला जेवले. लाज नाही वाटली. भागाईने रवळोजीला एका शब्दाने विचारलं नाही. ती रोज इथे येऊन बसे आणि पलीकडे हाक मारी. त्यातच गेली.

समेटानंतर देवीच्या जत्रेला तोफेचा बार काढायचं ठरलं, तेव्हा रवळोजी आडवा आला. म्हणाला, हात दाखवून चालणार नाही. तोंडाने सांगायचं, आणि ऐकलं असं उत्तर आल्याशिवाय वात लावायची नाही.

आजही जत्रेला तसंच करतो आम्ही. आमच्या घरातला एक जण तोफेत खांद्यापर्यंत हात घालतो आणि पलीकडे हाक देतो, "पोकळ आहे रे!" बोरदळ्याची माणसं काठावर उभी असतात, पण पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. ती धाकोजीची. थोडं थांबून दुसरी हाक देतो, तेव्हा "ऐकलं रे!" येतं आणि मग बार निघतो.

गेली बावीस वर्षं हात मीच घालतो. आवाज मोठा आहे माझा, पलीकडे सहज पोचतो. मधल्या वेळात काही ऐकू येणार नाही, हे मला कळतं. तरी मी दर वर्षी कान देऊन उभा राहतो.