कॅमेलियाची शेवटची कळी

एकदा एका थंड डोंगराळ मुलुखातल्या आश्रमात एका शिष्याच्या खिडकीजवळच्या कुंडीतल्या कॅमेलियाला कळ्या धरल्या, आणि त्या दिवसापासून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात! रोप त्याच्या आईने दिलेले. निरोप घेताना ती म्हणाली होती, "याला फूल आलं की मला बोलाव. तोवर काही मी येत नाही." कित्येक हिवाळे नुसती हिरवीगार, चकचकीत पाने. आता कळ्या! त्याने तत्काळ आईला निरोप धाडला.

मग सेवेला ऊत आला. सकाळी कुंडी एका अंगाने फिरव, दुपारी दुसऱ्या. कोणी पाहुणा आला की कळ्यांचे तोंड दाराकडे. कोणतीही बाजू उन्हावाचून राहू नये, हा एकच ध्यास. कळ्या मात्र पटापट गळू लागल्या. अखेर एकच उरली, आणि आई तर घरून निघालेली! तो धावतच वृद्ध गुरूंकडे गेला.

"गुरुजी, घात झाला! माझ्या..."

गुरूंनी त्याचे खांदे धरून त्याला भिंतीकडे फिरवले. "हं, सांग."

"माझ्या कळ्या..."

गुरूंनी त्याला खिडकीकडे फिरवले. "सांग ना!"

"मी रोज..." आता तोंड दाराकडे.

"अहो, बोलू तरी कसा?" शिष्य रडकुंडीला आला. "तोंड उघडलं की तुम्ही फिरवताय!"

गुरू खळखळून हसले. "तेच ती कळी तुला सांगतेय. उजेड कुठे आहे, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. तू कुंडी फिरवायचास, ती पुन्हा मान वळवायची. त्यातच बिचारीची शक्ती सरली. तुझी माया खरी आहे रे, पण हात आवर."

शिष्याने हात आवरला. कसा आवरला, ते त्याचे त्यालाच ठाऊक! आई दारात पोचली त्या सकाळी फूल उमलले होते. लालभडक, टपोरे, आणि नेमके खिडकीकडे तोंड करून.

"कुठंय रे फूल?" दारातूनच आईने विचारले. "मला तर पानंच दिसतायत."

सवयीने त्याचा हात कुंडीकडे गेला आणि थबकला. मग त्याने आईचा हात धरला. "आई, तूच ये अशी इकडे."

कुंडी आणि खिडकी यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत दोघे अंग चोरून उभे राहिले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. गुरू दारातून पाहत होते.

आपल्या माणसाचे फूल आपल्याकडे पाठ करून उमलले, तर कुंडीला हात लावू नये. उठून पलीकडे जावे.