तेवीस नंबरची खिचडी

एकदा एका अन्नछत्राच्या कार्यवाहाला असा साक्षात्कार झाला की, आपल्या शहरातली भूक कमी होत चालली आहे. साक्षात्कारही कसा, तर आकडेवारीसह. बसस्थानकामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे अन्नछत्र रोज दुपारी चाले. ज्यांना घर नाही, विचारणारं कोणी नाही, अशी माणसं तिथे खिचडी जेवायला येत. पूर्वी पंगतीला दीडशे माणसं असायची, आता नव्वदसुद्धा होईनात. कार्यवाहाने वार्षिक अहवालात लिहून टाकलं की, संस्थेच्या अथक परिश्रमांना यश येत असून भुकेचं प्रमाण उल्लेखनीयरीत्या घटलं आहे. फक्त मंगळवारी पंगत एकदम फुगते, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. पुष्कळ चिंतन करून त्याने तेही सोडवलं. ही मंडळी सोमवारी महादेवाचा कडक उपवास करत असावीत, म्हणून मंगळवारी जास्त जेवत असावीत. निराधारांमध्ये धार्मिक वृत्ती वाढीस लागल्याबद्दल त्याने अहवालाच्या शेवटी समाधान व्यक्त केलं होतं.

हसू नका. असे अहवाल आपण सगळेच मनातल्या मनात लिहीत असतो, त्याने बिचाऱ्याने छापला एवढंच. माणूस सज्जन होता. मोरेश्वर त्याचं नाव. बारा वर्षं एका पैचीही अपेक्षा न ठेवता त्याने हे काम ओढलं होतं, आणि ज्यांनी त्याला शाळेत शिकवलं त्या गुरुजींवर त्याची अपार श्रद्धा होती. हे अन्नछत्र गुरुजींनीच वीस वर्षांपूर्वी सुरू केलेलं. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि ते फक्त अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसत.

सुरुवातीलाच गुरुजींनी एक नियम घालून दिला होता. भुकेला माणूस हाच देव, तेव्हा इथे शिजतं ते अन्न नव्हे, तो नैवेद्य. आता नैवेद्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. तो आधी कोणी चाखत नाही. त्यात थुंकी उडू नये म्हणून स्वयंपाक करताना बोलतही नाहीत. झालं. गेली वीस वर्षं अन्नछत्राच्या स्वयंपाकघरात बायका तोंडाला फडकं बांधून, मौन धरून खिचडी रांधत होत्या. त्यांच्यातल्या ज्येष्ठ इंदूकाकू. कोणी नुसतं खाकरलं तरी त्या डोळे वटारत. देवासाठी केलेल्यात आपण वाटेकरी व्हायचं नाही, म्हणून कार्यकर्ते डबा घरून आणत. वाढणारा प्रत्येक जण ताटात खिचडी वाढली की जेवणाऱ्याच्या पायाशी वाकून नमस्कार करी. पाहुणे हे दृश्य पाहून गहिवरत आणि फोटो काढत.

गुरुजींनी अहवाल वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "असं म्हणतोस?" आणि अहवाल तिसऱ्यांदा वाचायला घेतला. मोरेश्वरला वाटलं, आनंद पोटात मावत नसावा.

त्यानंतर आठवड्याभराने गुरुजींनी संध्याकाळच्या जेवणाचा विषय काढला. दुपारी एकदा जेवलेली ही माणसं दुसऱ्या दुपारपर्यंत तशीच राहतात, संध्याकाळीही पंगत बसली पाहिजे, माझ्या डोळ्यांदेखत बसली पाहिजे, असं त्यांनी ठासून सांगितलं. त्यासाठी धान्य लागणार होतं. शहरातले एक मोठे धान्याचे व्यापारी, सगळे त्यांना शेटजीच म्हणत, वर्षभराचं धान्य द्यायला तयार होते. पण शेटजी हिशोबी. गावाला या कामाची किती आस्था आहे ते मला आधी दिसू दे, मग बोलू, असं त्यांनी कळवलं. तेव्हा मोरेश्वरने डोकं लढवलं आणि चवमेळ्याची घोषणा केली. घरोघरच्या सुगरणींनी आपला हातखंडा पदार्थ आणायचा, लोकांनी कुपन घेऊन प्रत्येकाचा एकेक चमचा चाखायचा, आणि आवडेल त्याला मत द्यायचं. रुसवेफुगवे नकोत म्हणून पदार्थावर नाव नाही, नुसता नंबर. परीक्षक शेटजी. मेळा साधला तर संध्याकाळची पंगत, फसला तर नाही, इतका साधा मामला होता.

रविवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात मेळा भरला, आणि काय विचारता. अळूवडी, सांदण, डाळिंब्यांची उसळ, भरली वांगी, खापरपोळी, बाविसाच्या बावीस नंबरांपुढे रांगा. परोपकारासाठी माणूस किती खाऊ शकतो हे त्या दिवशी शहराला कळलं. एक निवृत्त मुख्याध्यापक चार नंबरच्या वड्यांकडे पाचव्यांदा गेले तेव्हा स्वयंसेविकेने त्यांना हटकलं. ते म्हणाले, मत द्यायचं म्हणजे जबाबदारी असते, घाईने निर्णय घेणं मला जमत नाही. शेटजींना मधुमेह. त्यांच्या सौभाग्यवती त्यांच्यावर नजर ठेवून होत्या, पण समाजकार्यापुढे त्यांचाही नाइलाज झाला आणि शेटजींनी तीन पुरणपोळ्या परीक्षक या नात्याने खाल्ल्या. ते इतके प्रसन्न झाले की गोण्या पाठवायला रिकामा ट्रक कधी मिळेल याची त्यांनी मोरेश्वरकडे चौकशीसुद्धा केली. मोरेश्वरला आकाश ठेंगणं झालं.

तेवढ्यात गुरुजी आले. हातात झाकण लावलेलं पातेलं. त्यांनी ते स्वतः टेबलावर मांडलं, पुढे तेवीस असं लिहिलेला कागद ठेवला आणि बाजूला खुर्ची टाकून बसले. हे कोणाचं, असं मोरेश्वरने विचारलं. गुरुजी म्हणाले, एका ओळखीच्या घरचं आहे. वरचं झाकण निघालं. आत खिचडी.

पहिला चमचा मुख्याध्यापकांनी घेतला. त्यांनी त्याबाबत पुनर्विचाराची गरज नसल्याचं सांगितलं आणि पाण्याकडे धाव घेतली. दुसऱ्याने घास रुमालात काढला. तिसऱ्याने तर खिडकी गाठली. बघता बघता सभागृहात तेवीस नंबरचा बोभाटा झाला, आणि जसा झाला तशी गर्दी वाढली, कारण वाईट काय आहे ते स्वतः खाऊन पाहण्याचा मोह कोणाला सुटला आहे? इंदूकाकूंनी चमचाभर तोंडात घातली मात्र, त्यांचा चेहरा आक्रसला. मीठ आहे की मिठागर, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. कोणत्या घरात असं शिजतं, त्या बाईच्या नवऱ्याची कीव येते, हेही त्यांनी चारचौघींना ऐकवलं. त्यांचे यजमान शेजारीच उभे होते, त्यांनी सहानुभूतीने मान हलवली.

मग शेटजींची पाळी आली. त्यांनी खाल्लं, गिळलं, आणि ते संतापले. "अन्नदानाच्या मेळ्यात हे कोणी आणलं? माणसापुढे असलं ठेवणं हा त्या माणसाचा अपमान आहे. तुमच्या संस्थेला एवढी पारख नसेल, तर माझं धान्य तुम्ही काय मातीत घालणार?"

मोरेश्वरचं धाबं दणाणलं. ट्रक, गोण्या, संध्याकाळची पंगत, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागलं. शेटजींची हात जोडून माफी मागत तो पातेलं उचलायला धावला. गुरुजींनी पातेल्याच्या कडीवर हात ठेवला आणि अजून एकाचं चाखायचं राहिलं आहे असं सांगितलं. मग त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली, "भागूजी, या आत."

भागूजी म्हणजे बाजार समितीतले जुने हमाल. गुडघे गेले, काम गेलं, आता बसस्थानकाच्या आडोशाला राहत आणि अन्नछत्रावर जेवत. लांब चालवत नसल्यामुळे त्यांना दुसरा आधार नव्हता. ते संकोचाने आत आले. गुरुजींनी वाटीत खिचडी दिली आणि कशी आहे सांगा म्हणाले. भागूजींनी घास घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी ती वाटी शांतपणे संपवली, बोटाने पुसून घेतली आणि म्हणाले, "ही आपलीच की. आज दुपारची."

इंदूकाकूंनी हातातला चमचा खाली ठेवला. मोरेश्वरने विचारलं, कशावरून आपली? भागूजींना प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांनी जे सांगितलं ते असं: रविवारी रांधायला तिघी बाया असतात, बोलायचं नसतं, मग तिघीही मीठ घालतात. बाकीच्या दिवशी दोघी असतात, तेव्हा कधी दोघी घालतात, कधी दोघींना वाटतं दुसरीने घातलं, आणि खिचडी अळणी राहते. मंगळवारी मात्र एकटीच बाई असते, त्या दिवशी बरोबर होते. म्हणून ज्यांचे पाय धड आहेत ते आता मंगळवारीच येतात, एरवी इकडे तिकडे हात पसरतात.

मोरेश्वरला अहवालातला महादेव आठवला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "भागूजी, इतकी वर्षं एकदाही बोलला नाहीत?"

"कसं बोलू, साहेब?" भागूजी म्हणाले. "तुम्ही वाढता आणि पाया पडता. पाया पडणाऱ्या माणसाला मीठ कमी घाला म्हणून कसं सांगायचं?"

मोरेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात दुःख होतं तसा रागही होता. तो गुरुजींकडे वळला. "मला एकट्याला सांगायचं होतंत, गुरुजी. सगळ्या गावासमोर कशाला?"

"एकट्याला सांगितलं असतं, तर तू चौकशी समिती नेमली असतीस," गुरुजी म्हणाले. "आणि नियम तुझा नाही, माझा आहे, तेव्हा लाज वाटायचीच तर आधी मला. महिन्यापूर्वी सूनबाई माहेरी गेली होती, म्हणून मी पंगतीला बसलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. तोंडात घास गेला आणि कळलं. एवढ्यात तू आलास, माझ्या पाया पडलास, कसं झालंय म्हणालास. आणि मी काय सांगितलं? छान झालंय. अरे, या संस्थेचा मी अध्यक्ष, मलासुद्धा धीर झाला नाही. मग भागूजींना कुठून व्हावा? देवाला चाखून वाढत नाहीत, कारण त्याला भूकच नाही. अळणी नैवेद्य झाला म्हणून तो उपाशी राहत नाही. या माणसांना मी देव म्हटलं, मखरात बसवलं, आणि तिथून त्यांना तोंड उघडायची सोय ठेवली नाही. घरातल्या माणसाला वाढताना आपण आधी चव बघतो, मीठ पुरे का म्हणून विचारतो. यांनाही तेवढंच हवं होतं. ते द्यायला मी विसरलो."

एवढं बोलून त्यांना दम लागला. इंदूकाकूंनी तोंडाला पदर लावला होता. त्या पुढे आल्या, भागूजींच्या हातातली वाटी त्यांनी घेतली आणि पाणी आणते म्हणाल्या, कारण एवढं खारट खाल्ल्यावर त्यांना तहान लागली असणार हे त्यांना आत्ता सुचलं.

आता तुम्ही म्हणाल, शेटजी विरघळले आणि त्यांनी ट्रक पाठवला. मोठ्या व्यापाऱ्याला तुम्ही ओळखत नाही. शेटजी म्हणाले, वर्षाचं धान्य मी आज देत नाही. आठ दिवसांचं देतो. नवव्या दिवशी, दुपारी की संध्याकाळी ते न कळवता, येऊन पंगतीत बसेन, जेवेन, आणि मग ठरवीन. गुरुजींना हे फार आवडलं. परीक्षक असावा तर असा, असं ते म्हणाले, आणि पुरणपोळीपुरतं त्यांच्याबद्दल झालेलं मत त्यांनी मागे घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची पंगत सुरू झाली. स्वयंपाकघरात तोंडावरची फडकी उतरली आणि वीस वर्षांचं साठलेलं बोलणं असं बाहेर पडलं की, मौन बरं होतं असं इंदूकाकूंच्या यजमानांना दारातूनच वाटलं. मोरेश्वरने पहिली वाटी स्वतः खाल्ली, मगच पातेलं बाहेर काढलं. पंगतीत तो वाकला नाही. भागूजींसमोर उकिडवा बसला आणि कसं झालंय विचारलं. भागूजी म्हणाले, छान. मोरेश्वर उठला नाही, तसाच बसून राहिला. दुसरा घास झाला, तिसरा झाला. मग भागूजी खाली बघत हळूच म्हणाले, मीठ बरोबर आहे, फोडणी जरा करपली.

मोरेश्वर धावत आत गेला आणि फोडणी करपल्याची बातमी त्याने अशा आनंदाने सांगितली की बायकांना त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्यासारखं वाटलं. इंदूकाकू फणकारल्या, आज फोडणीला नाव ठेवलं, उद्या पापड मागतील. गुरुजी खुर्चीवरून म्हणाले, मागू देत.

नवव्या दिवशी शेटजी येऊन जेवले, कोणाशी न बोलता निघून गेले, आणि ट्रक दुसऱ्या सकाळी आला. पण मोरेश्वरला विचाराल तर तो ट्रक यायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगेल. त्या संध्याकाळी भागूजींनी खरोखरच पापड मागितला, आणि तो भाजलेला नको, तळलेला हवा, असंही बजावलं. मोरेश्वर घरी गेला, हातपाय धुतले, आणि आपल्या बायकोला म्हणाला की, बारा वर्षं मी वाढतोय, पण आपल्याकडे कोणी जेवायला आलंय असं मला आज पहिल्यांदा वाटलं.