महाराजांची सायकल आणि घाटातली मालगाडी

“रूळ उखडा!” रणधीरराव महाराज म्हणाले.

“वा!” दिवाण नरहरपंत म्हणाले. पंतांचं हे नेहमीचंच. हुकूम पुरा होण्याआधीच त्यांची वाहवा तयार असे.

महाराज विलायतेहून येताना दोन गोष्टी घेऊन आले होते. एक सायकल, आणि दुसरी, तिच्याहून पुष्कळ अवजड, एक कल्पना. नांदवडहून घाटमाथ्यावरच्या टेंभ्यापर्यंत जाणारी संस्थानची छोटी मालगाडी बंद करायची, रूळ काढायचे, आणि त्या जागी सायकलसाठी गुळगुळीत वाट करायची! दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, मध्ये महाराज, आणि मागे वारा. गाडीचा आवाज नाही, धूर नाही.

नांदवडच्या कुंभारवाड्यात ही बातमी पोचली तेव्हा चाकं फिरायची थांबली. त्यांची कौलं आणि मडकी याच गाडीने वर जात. बैलगाडीच्या रस्त्याने पाठवली, तर खाचखळग्यांत निम्मा माल फुटणार. आणि मृगाच्या आत कौलं पोचली नाहीत, तर टेंभ्याची घरं पावसाळाभर गळणार.

कुंभार दरबारात गेले. सोपाना कुंभार सगळ्यांत वडील, म्हणून तो पुढे झाला. पण महाराजांना पाहताच तो नुसता मुजऱ्यावर मुजरे करत राहिला. तेव्हा त्याची लेक गोजरा पुढे सरली.

“सरकार, एक विचारू? घाटात सायकल चालवणार कोण?”

“कोण म्हणजे? आम्ही!”

“आणि ढकलणार कोण?”

गेल्याच आठवड्यात महाराज सायकलवरून घाट चढायला निघाले होते. पहिल्या वळणावर चार शिपायांनी मागून रेटा लावला होता, आणि त्यातले तिघे या क्षणी दरबारातच भिंतीकडे बघत उभे होते.

महाराजांचा चेहरा लाल झाला. “फार शहाणी दिसतेस! मग ऐक. आम्ही सायकलवर बसून नांदवडहून टेंभ्याला पोचलो पाहिजे. वाटेत पाय जमिनीला लागता कामा नये. कपाळावर घामाचा थेंब दिसता कामा नये. एवढं करून दाखव, रूळ राहतील!”

“आणि ढकलायला माणूस नको!” पंतांनी जोड दिली.

“ओढायला बैल नको!” महाराज म्हणाले.

“घोडाही नको!”

“हत्तीसुद्धा नको! आणि जमलं नाही, तर पहिला रूळ तुझ्या बापाने उखडायचा.”

सोपानाने डोळे मिटून घेतले. गोजराने मात्र पदर सावरला आणि म्हणाली, “उद्या सकाळी मालधक्क्यावर यावं, सरकार.”

घराच्या दारात आल्यावर बाप म्हणाला, “गोजरे, काय करून बसलीस गं?”

“बाबा, मला थोडा पेंढा आन् चार पोती लागतील,” गोजरा म्हणाली.

सकाळी महाराज लवाजम्यासह मालधक्क्यावर आले. गाडी उभी होती. उघड्या डब्यात दोन्ही बाजूंना कौलांच्या थप्प्या रचल्या होत्या, आणि मधोमध, पेंढ्याने भरलेल्या पोत्यांत घट्ट रोवलेली, महाराजांची सायकल! पंतांकडून गोजराने ती आदल्या संध्याकाळीच ‘तेलपाणी करायला’ म्हणून मागून घेतली होती.

“बसावं, सरकार.”

“ही तर मालगाडी आहे!”

“गाडीत कुठं बसायचंय? सायकलवर बसायचंय. सरकारांची अटच तशी हाय.”

महाराज पंतांकडे बघू लागले. पंतांना ‘वा’ म्हणावं की नाही तेच कळेना. शेवटी महाराज सायकलवर चढले, आणि पंत कौलांच्या थप्पीवर बसले. गोजरा आणि लवाजमा मागच्या डब्यात चढले.

शिट्टी झाली. गाडी धापा टाकत घाट चढू लागली. पहिल्या वळणावर महाराज आखडून बसले होते. दुसऱ्या वळणावर त्यांनी हळूच घंटी वाजवली. शेतातल्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. मग काय, पुढे प्रत्येक वळणावर घंटी! खाली नदी दिसली तेव्हा तर एका हाताने मिशी पिळत महाराज म्हणाले, “पंत, आज चढ काही जाणवतच नाही!”

टेंभे आलं. पंतांनी रुमाल काढून महाराजांचं कपाळ पुसलं. रुमालाला काजळी लागली, घाम नव्हता.

“ही फसवणूक आहे!” पंत ओरडले.

“कशी काय?” गोजरा म्हणाली. “माणसानं ढकललं न्हाई. बैलानं, घोड्यानं, हत्तीनं ओढलं न्हाई. इंजिन यातलं काय, ते दिवाणजींनीच सांगावं!”

पंत इंजिनाकडे पाहत राहिले. इंजिनाने भस्सकन वाफ सोडली.

महाराजांना हसू येत होतं, पण ते राजे होते. “बरं, जिंकलीस. पण आमच्या सायकलच्या वाटेचं काय? तीही आम्हाला हवीच!”

“वाट बी हाय की, सरकार! रुळांच्या कडेनं रेल्वेच्या मजुरांची पायवाट खाली नांदवडपतूर जाते. मुरूम टाकला की झाली गुळगुळीत. मुरूम हीच गाडी आणंल. चढाला गाडी, उताराला सायकल!”

“आणि आम्ही रूळच काढले तर?”

गोजराने हात जोडले. “मग सरकार घाट एकदाच उतरतील. दुसऱ्यांदा उतरायला वर कोण घेऊन येणार? दिवाणजी?”

सगळ्यांच्या नजरा पंतांच्या पोटाकडे वळल्या.

महाराज एवढे हसले, एवढे हसले, की पोती सरकली, सायकल कलंडली, आणि संस्थानचे अधिपती पेंढ्यात बसकण मारून हसत राहिले! तिथूनच त्यांनी हुकूम सोडला: रूळ राहतील, कडेची वाट होईल, आणि कुंभारवाड्याच्या मालाला या गाडीत भाडं कायमचं माफ. मग मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराच्या हातात घातलं.

“वा!” पंत म्हणाले, आणि कौलांवरून जपून खाली उतरले.